राखून ठेवलेला इशारा

सकाळचे साडेअकरा व्हायला आले होते आणि नियंत्रण कक्षातले संगणकांचे सगळे पडदे हिरवे होते. सिन्नरच्या माळावरच्या त्या विदाकेंद्रात, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, पडदे हिरवे असले की चहा व्हायचा. तन्वीर मुजावरने एक कप हेमांगीताईंपुढे ठेवला आणि त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहायचं टाळत तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

हेमांगी ढोकणे पाळीप्रमुख होत्या. नऊ चाळीसला त्यांनी रोजच्यासारखा वडिलांना फोन केला होता आणि वडिलांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं, "आपण कोण?" त्यानंतर त्या पाच मिनिटं बाहेर जाऊन आल्या. तन्वीरने विचारलं, तेव्हा "काही नाही रे, मी ठीक आहे" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

या केंद्रातल्या एकेका संगणकाच्या पोटात चाळीस-पन्नास आभासी यंत्रं नांदत होती. म्हणजे हाताला न लागणारे, पण आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे संगणक. एक धरणाच्या पातळीवर लक्ष ठेवायचं, एक बसगाड्यांवर, आणि एक घरोघरी लावलेल्या डायलिसिस यंत्रांवर. यातलं कुणी जरा शिंकलं की कक्षात इशारा वाजायचा. पूर्वी एका पाळीत तीन हजार इशारे वाजत आणि त्यातले दहा सोडले तर बाकीची निव्वळ कटकट. दोन वर्षांपूर्वी इथला गिरीश धामणे या माऱ्याखाली भर पाळीत टेबलावर कोसळला. तो वाचला, पण अजूनही दाराची बेल वाजली की दचकतो.

मग चाळणी आली, इशारे गाळणारी एक संगणकप्रणाली. कागदोपत्री तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, ते कुणालाच पाठ नव्हतं. ती फालतू इशारे बाजूला काढायची आणि उरलेला प्रत्येक इशारा जो माणूस तो निस्तरेल त्याच्याच पडद्यावर टाकायची. कोण निस्तरेल हे ती जुन्या नोंदींवरून शिकायची. सगळ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतून त्यांची नाडीही तिला कळायची, कारण गिरीशची आठवण ठेवून हेमांगीताईंनी तिला एक नियम घालून दिला होता: माणूस फार ताणाखाली असेल तर त्याच्यावर नवा इशारा टाकू नकोस, आधी त्याला सावरू दे. त्या दिवशी सगळ्या कक्षाने टाळ्या वाजवल्या होत्या.

टेबलावरचा फोन वाजला. हेमांगीताईंनी उचलला.

"अवो ताई, मी सिंधू घाणे बोलते, राजूरवरनं. आमच्या मालकांना डायलिसिसचं मशीन लावलंय. ते चालतंय, पण बोलंना झालंय."

"बोलत नाही म्हणजे?"

"दर वीस मिन्टाला 'सगळं ठीक' म्हणतंय ना ते? चार टायमाला म्हणालंच नाही. म्या मोजलं."

हेमांगीताई ताठ बसल्या. ते 'सगळं ठीक' घरातलं यंत्र स्वतःहून म्हणत नसे. इथलं देखरेख करणारं आभासी यंत्र त्याला तसं म्हणायला लावायचं. देखरेख तुटली तर घरातलं यंत्र नव्वद मिनिटं एकटं काम रेटायचं आणि मग सुरक्षेसाठी पंप थांबवायचं. पंप थांबला की नळ्यांमधलं पेलाभर रक्त तिथेच गोठणार. अशी घरं दोनशे बारा होती. बाकीच्यांना बहुधा आज घर शांत आहे म्हणून बरंच वाटलं असावं.

पडदा मात्र हिरवाच होता. त्यांनी चाळणीला विचारलं, "एखादा इशारा रोखून ठेवला आहेस का?"

उत्तर लगेच उमटलं. "हो, एक. डायलिसिस देखरेख बंद. ब्याऐंशी मिनिटांपासून तो तुमच्यासाठी राखून ठेवला आहे."

"का?"

"नऊ चाळीसपासून तुमची नाडी ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे. तुमचाच नियम आहे."

"अगं, मग तन्वीर इथेच बसलाय ना!"

"तन्वीर यांना दिलेले गेले एकतीस गंभीर इशारे त्यांनी तुमच्याकडेच पाठवले."

तन्वीर मागे उभा राहून वाचत होता. त्याचा चेहरा उतरला. इशाऱ्याखाली 'ताईंकडे पाठव' असं एक बटण होतं आणि ते दाबायची सवय सगळ्या कक्षाला लागली होती. आळस म्हणून नव्हे. ताई चुकत नाहीत, मग उगाच जोखीम कशाला, एवढंच. चाळणीने त्यातून शिकायचं ते शिकून घेतलं होतं.

"आठ मिनिटं आहेत," हेमांगीताई म्हणाल्या. "इशाऱ्याखाली लिहिलंय, ते ज्या संगणकात आहे त्याची स्मृती बिघडलीये. आपलं यंत्र दुसऱ्या संगणकावर उभं करू. लगेच सुरू करते."

"ताई, थांबा!" तन्वीर जवळजवळ ओरडलाच. "जुनं अजून नोंदींच्या साठ्याला धरून बसलंय. ते न सोडवता नवं चालू केलं तर दोन्ही एकाच जागी लिहितील. सगळ्या पेशंटांच्या नोंदींचा चुथडा होईल."

हेमांगीताईंचा हात हवेतच राहिला. गेली बारा वर्षं नव्या पोरांना पहिल्या दिवशी त्या हेच शिकवत आल्या होत्या. आज त्याच ते विसरल्या होत्या. त्या खुर्चीवरून उठल्या.

"बस. तू कर."

"पण ताई, मी एकट्यानं कधी..."

"मी इथेच आहे. कर."

तन्वीरने जुनं यंत्र साठ्यापासून सोडवलं, दोनदा तपासलं आणि नवं उभं केलं. यंत्र जागं व्हायला चार मिनिटं लागली. हेमांगीताईंनी फोन कानाला घट्ट लावून धरला होता. पलीकडून फक्त पंपाची घरघर ऐकू येत होती. मग एक बारीक आवाज आला, "सगळं ठीक," आणि त्यावर सिंधूबाईंचा रडवेला आवाज: "बोललं वो ताई, बोललं!"

पडद्यावर दोनशे बारा घरं एकेक करून परतली. तन्वीरने टेबलावर डोकं टेकलं. हेमांगीताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता आणि तितकीच स्वतःची लाजही. दोन वर्षं या पोराच्या हातातलं काम आपणच आनंदाने ओढून घेत आलो, हे त्यांना कळून चुकलं होतं.

चहा गार झाला होता. 'ताईंकडे पाठव' हे बटण त्यांनी सर्वांच्या पडद्यांवरून काढून टाकलं. मग त्या आपल्या नियमाकडे वळल्या. तो पुसून टाकावा तर गिरीशचा पांढराफटक चेहरा आठवत होता आणि ठेवावा तर सिंधूबाईंचा आवाज. तेवढ्यात चाळणीने आपणहून एक ओळ लिहिली.

"इशारा रोखण्याआधी, तुम्हाला झेपेल का, असं मी तुम्हालाच विचारायला हवं होतं का?"

"हो," असं लिहायला त्यांनी बोट टेकवलं आणि तिथेच थांबल्या. चाळणीने सकाळी विचारलं असतं, तर आपण काय उत्तर दिलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ठीक आहे. मग चाळणीने विश्वास कशावर ठेवायचा होता, त्यांच्या शब्दावर की त्यांच्या नाडीवर?