रेघेवरचं पाणी

देवाजी मेश्राम प्लांटात पाइपांमध्ये पाणी भरून गळती शोधायचे. निवृत्त होऊन रुआबांध्यात घर बांधलं, तर त्यांच्याच घराची वरची न्हाणी गळायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खालच्या खोलीच्या छताला ओल धरली. त्याच खोलीत लेक खुशबू पहिल्या बाळंतपणाला यायची होती. ओलीने बाळाची छाती भरेल, या धास्तीने देवाजींना जेवण गोड लागेना.

बाबुलाल मिस्त्रीने फरशा उखडल्या, उतार सुधारला, वॉटरप्रूफिंगचे हात मारले. मग जाळीखालच्या पाइपला डाट ठोकून त्याने न्हाणीत टाचभर पाणी साठवलं. देवाजींनी भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ ओढली आणि नळाची लाइन स्वतःच्या हाताने बंद केली. पाणी रेघेखाली गेलं तर गळती. हिशेब साधा होता.

सकाळी खालचं छत ठणठणीत कोरडं होतं. वर पाणी मात्र रेघेच्या बोटभर वर चढलेलं.

"वरतं पाणी टाकलं का वं तू?"

"मी कावून टाकू?" बायको पंचफुला म्हणाली. "पायऱ्या चढनं होते का माह्यानं? गुडघे दुखून राहिले."

डाट घट्ट होती. नळ बंद. आभाळ कोरडं. देवाजी दारात खुर्ची टाकून बसले. ओल्या सिमेंटचा वास नाकात बसला, चहा झाला, पेपर तोंडपाठ झाला.

भर दुपारी पाणी हललं. आधी मधोमध, मग भिंतींशी. हळूच उतरलं आणि बरोबर रेघेवर येऊन थांबलं.

लगेच उंबऱ्यावर ओल उमटली. मग खुर्चीशेजारी. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर.

भरल्या बादलीत हात घातला की पाणी चढतं, काढला की उतरतं. पोराटोरांनाही हे कळतं. देवाजींनाही कळलं, आणि ते साफ घाबरले. पण भूतबाधा थोतांड आहे म्हणून विहारात भाषणं ठोकणारे तेच. सांगणार कोणाला?

तेवढ्यात बाबुलाल जेवून आला. त्याने वाकून रेघ पाहिली.

"पानी लाइन मा हे, बाबूजी. पास होगे. डाट निकालूं?"

थांब, ते परत आत येऊ दे, पाणी पुन्हा चढू दे, असं देवाजींच्या ओठांवर आलं. पण मिस्त्रीला कारण काय सांगायचं?

"काढ," ते म्हणाले.

पाणी गुडगुडत गेलं. पाणी रेघेवर होतं, म्हणजे आत कोणी नव्हतं. जे होतं ते तेव्हा पाण्याबाहेर, घरातच होतं. देवाजी जिना उतरले ते भिंतीला धरून.

फरशा बसल्या. गळती गेली. खुशबू आली, मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. देवाजी हरखले. हळूहळू त्यांना वाटायला लागलं, आपलंच डोकं उन्हाने फिरलं असेल.

एका सकाळी खालच्या खोलीत पंचफुला पाय पसरून नातीला तेल चोळत होती. शेजारी आंघोळीचा टप ठेवलेला.

"बाबा, इधर देखो ना," खुशबू म्हणाली. "मी तर आधाच टप भरला होता."

पाणी काठाला लागलं होतं. बाळ अजून आजीच्या पायांवरच होतं.