पिंपांना कळवायचे राहिले

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या त्या गावात फोल्कमारचे घर सर्वांत वाकडे. लाकडी सांगाड्यात माती-चुना भरलेले, आणि प्रत्येक मजला खालच्याहून हातभर पुढे झुकलेला. चारशे वर्षे वाइनच्या वासावर उभे आहे, झिंगणार नाही तर काय, असे गाव म्हणे. आनेग्रेट त्या दुपारी भावाच्या या घरी आली ती आईला आपल्याकडे राहायला न्यायला. आईने नकार दिला. फोल्कमार तळघरात एकटा पडेल, म्हणाली.

फोल्कमारला जाऊन सतरा महिने झाले होते. रस आंबू लागला की तळघरात मारक हवा साचते. म्हणून पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून उतरायचे आणि ज्योत विझली की माघारी फिरायचे, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. त्या दिवशी तो घाईत होता. मेणबत्ती वरच राहिली.

शेजारच्या ओटिलिएने आनेग्रेटला अंगणात गाठले. घरधनी गेला की कोणीतरी तळघरातल्या वाइनच्या प्रत्येक पिंपावर तीनदा टकटक करून ते कळवायचे, अशी तिथली रीत. आईने ते कोणालाच करू दिले नव्हते.

"तू प्रयोगशाळेतली. हसशील मला," ओटिलिए म्हणाली. "हस खुशाल. पण सांगून ये, पोरी. आईकडे बघ जरा."

आनेग्रेट हसली नाही. आईची सुटका होणार असेल, तर रीत पाळायला तिची हरकत नव्हती. तिने मेणबत्ती पेटवताच आईने तिचे मनगट धरले.

"नको सांगूस गं... त्याला माहीत नाहीये."

तिने हळूच मनगट सोडवून घेतले.

तळघरात ओल्या दगडाचा वास होता. गुडघ्याशी ज्योत सरळ उभी होती. हवा स्वच्छ होती. सहा पिंपे मुकी. सातव्यातून मात्र आवाज येत होता. बुडूक... बुडूक... रस आंबताना येतो तसा, संथ.

सहांना तिने कोरड्या स्वरात कळवले. सातव्यावर बोटे वाजवली आणि ती थबकली. पिंप पोकळ वाजले. ते रिकामे होते. तिसऱ्या टकटकीला आतला आवाज थांबला. हाक ऐकून कोणी हातातले काम थांबवावे, तसा.

"फोल्कमार..." पाठ केलेले वाक्य तिला आठवेना. "तू गेलास रे. दीड वर्ष होत आलं."

आवाज पुन्हा आला नाही. दफनाच्या दिवशी न रडलेली आनेग्रेट लाकडावर कपाळ टेकून बराच वेळ रडली.

वर आई स्वयंपाकघरात बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आत्ताच आला होता," आई म्हणाली. "उभाच राहिला नुसता. मग म्हणाला... आई, तू का नाही सांगितलंस?"

आनेग्रेटने तिला जवळ घेतले. आईचे कपाळावरचे केस ओले होते, कोणी भिजल्या हाताने मागे सारावेत तसे. त्यांना नुकत्याच चुरडलेल्या द्राक्षांचा वास येत होता. मार्च महिना होता. समोरच्या उतारावर वेलींना अजून पानही फुटले नव्हते.