रिकाम्या खोलीचा पाठ

ही हकिकत खरी आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत ती घडली. मी तीत पदरचे काहीही घातलेले नाही.

हिवाळ्यातली सुटीची संध्याकाळ होती. जागा म्हणजे धाकट्याच्या सासऱ्यांची तीन मजली इमारत, कचेऱ्यांना भाड्याने दिलेली. तिच्या पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. इमारत त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतली होती. कारभार मुलाच्या हाती गेला, तरी ते रोज काठी टेकत येऊन त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. तासन्तास, निश्चल. नजर मात्र जागी, आणि जीभ नजरेहूनही जागी.

धाकट्याचा व्यवसाय इमारतींना शहाणे करण्याचा. दिवे, पंखे, हवा, दारे, सारे एकाच पेटीच्या ताब्यात. मोठ्या कंपन्यांची अशी व्यवस्था लहान मालकांच्या आवाक्याबाहेरची. धाकटा तीच स्वस्तात बसवून देई. मेहुण्याने त्याला हौसेने बोलावले. अण्णांना ते मुळीच रुचले नाही. भाडेकरूंच्या देखत ते विचारीत, आता माझ्याच इमारतीत दिवा लावायला जावईबापूंची परवानगी काढायची का? ज्याला स्वतःचे घर बांधता आले नाही, तो माझ्या भिंतींना अक्कल शिकवणार?

धाकटा दातओठ खाऊन काम करीत राही.

या स्वस्त व्यवस्थेची एक रीत होती. छतात बसवलेल्या डोळ्याला प्रत्येक खोलीचे रिकामेपण आधी शिकवावे लागे. सगळ्यांनी खोलीबाहेर जायचे आणि बटण दाबायचे. त्या क्षणी खोलीत जी ऊब असेल, तीच 'कोणी नाही' म्हणून डोळा ध्यानात ठेवी. पुढे त्याहून काही निराळे दिसले, की माणूस आला असे समजून दिवा लावी आणि आतून दार उघडू देई.

त्या सुटीच्या संध्याकाळी साऱ्या खोल्या शिकवून झाल्या. कोपऱ्यातली राहिली.

अण्णा उठेनात. "या खुर्चीतून मला उठवणारा अजून जन्माला यायचाय," ते म्हणाले.

धाकट्याच्या कपाळाची शीर तटतटली. तो दाराबाहेर गेला.

"बसा, अण्णा. तुम्ही नाहीच असं समजतो."

आणि त्याने बटण दाबले.

उद्या दुरुस्त करू, असे मनात होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी आल्या आल्या टोमणा मारला. मग त्याने ते तसेच राहू दिले.

अण्णा खुर्चीत बसले की दिवा जाई. पंखा थांबे. ते उठून गेले, की दोन्ही सुरू होत. त्यांनी तक्रार केली, तर घरचे हसत. पहिल्या दिवसापासून नावे ठेवणाऱ्याचे कोण ऐकणार? धाकटा साळसूदपणे सांगे, जरा हातपाय हलवत जा.

एका संध्याकाळी खुर्चीतच त्यांना झटका आला. हलता येईना, हाक फुटेना. खाली पहारेकऱ्याने पडद्यावर पाहिले. कोपऱ्यातली खोली: रिकामी.

तो कुलूप लावून घरी गेला.

खोली रिकामी, म्हणून घरच्यांनी रात्रभर बाहेरच शोधले. अण्णा सकाळी सापडले. वेळेवर कोणी वर गेले असते तर वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले. बायकोने धाकट्याला एकच विचारले, बाबा आत असताना दिवा का नव्हता? तो म्हणाला, वायर ढिली असेल.

त्यानंतर त्या खुर्चीत कोणी बसेना. त्या खोलीतला दिवा विझेना. पंखाही अखंड फिरे. मेहुणा कुत्सितपणे म्हणाला, तुमचे यंत्र अण्णांना अजून हजर धरतेय. अण्णांची लेक रस्त्यात थांबून त्या उजळ खिडकीकडे बघत राही.

धाकट्याला कारण ठाऊक होते. अण्णांच्या उबेसकट यंत्र रिकामेपण शिकले होते. आता ती ऊब नव्हती. म्हणून कोणी आले आहे, असा यंत्राचा समज होई. दिवा जळतो आहे, म्हणजेच खुर्चीत कोणी नाही.

या विचारावर त्याला झोप लागे.

मग मेहुण्याने परका तंत्रज्ञ बोलावला. तो येऊन पेटी उघडणार, आणि ही खोली कशी शिकवली गेली, ते त्याला दिसणार. मग बायकोला कळणार. म्हणून आदल्या संध्याकाळी धाकटा जुना पाठ पुसायला निघाला. बायको हट्टाने बरोबर आली. तिला त्याने बोळातच थांबवले.

तो स्टूल घेऊन आत शिरला. दिवा जळत होता. मागे दार सरकून लागले.

पुसण्याची कळ छतातल्या डोळ्यावरच होती. तो स्टुलावर चढला. हात वर नेला…

दिवा गेला.

पंखा मंदावत थांबला. इतकी शांतता झाली, की त्याला स्वतःचा श्वास परका वाटला.

त्याने हात हलवले. पुन्हा हलवले. अंधार तसाच.

दिवा विझला, म्हणजे खोली शिकवलेल्या दिवसासारखी झाली. म्हणजे ती ऊब…

खिडकीजवळची खुर्ची करकरली.

तो स्टुलावरून कोसळला आणि चाचपडत दाराशी गेला. दार हलेना.

"अहो, दार का उघडत नाही?" बाहेरून बायकोने विचारले. "इथं दाराजवळच्या पडद्यावर खोली रिकामी दाखवतंय."

"त्याला वाटतंय आत कोणी नाही."

"का वाटतंय?"

पाठीमागे… काठी टेकल्याचा आवाज. मग सावकाश ओढलेले पाऊल. मानेवर ऊब जाणवली, तापलेल्या अंगाची असते तशी.

मग त्याने सगळे सांगितले. दाराला तोंड लावून, लहान मुलासारखे रडत. बटण, टोमणा, आपला राग, ढिल्या वायरीचे खोटे. काहीही लपवले नाही.



बाहेर तिची पावले वाजली. दूर जाणारी. जिना उतरणारी.

आणि कानाशी, अगदी शांत स्वरात…

"बसा, जावईबापू. तुम्ही नाहीच असं समजतो."

बटण दाबल्याचा आवाज झाला.

सकाळी मेहुण्याने दार फोडले. धाकटा खुर्चीत बसलेला होता.

त्या दिवसापासून कोठलेही आपोआप उघडणारे दार त्याच्यासाठी उघडत नाही. घरी बायको एकच पान वाढते. तो बोलतो तेव्हा ती मान वर करीत नाही. तिचा राग मी समजू शकतो. तिचे डोळे मात्र रागावलेल्या माणसाचे नाहीत. तो बसला असेल तिथून ती थेट पलीकडची भिंत पाहते.

परवा तो माझ्याकडे आला होता. माझ्या दाराबाहेर, माणूस आला की लागणारा एक दिवा आहे. त्यानेच बसवून दिलेला. तो आला तेव्हा दिवा लागला नाही. मी त्याला आत घेतले, दार लावले, पाणी दिले.

आम्ही समोरासमोर बसलो…

आणि बाहेरचा दिवा लागला.

दार उघडायला मी उठलो नाही. धाकटाही उठला नाही. तो दिवा अजून विझलेला नाही.