नव्या प्रोसेसरला जागाच नाही!

“उद्या? परवाही तुम्ही ‘उद्या’च म्हणालात, काका!” भिंगरी दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर चढायचीच बाकी होती.

आज गुरुवार! सुट्टी लागल्यापासून ती, तिचा चुलतभाऊ ढापण्या आणि धाकटी बहीण पिटुकली मिळून एक कार्टूनपट बनवत होती. आत्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती. तिथल्या, पायाला प्लॅस्टर घालून पडलेल्या मुलांना तो शनिवारी दाखवायचा होता. पण चित्रं जोडायला घेतली की आत्याचा जुना लॅपटॉप मान टाकायचा. “प्रोसेसर बदलू, हरणासारखा पळेल!” असं दुरुस्तीवाला सोमवारी छातीठोकपणे म्हणाला होता.

“आता उद्याही येऊ नका,” तो आज तुटकपणे म्हणाला. “जुना प्रोसेसर निघतच नाही, मग नवा बसणार कसा? बोर्डावर तो बसवायचं सॉकेटच बिघडलंय. लॅपटॉप भंगारात गेला म्हणून सांगा आत्याला.”

तिघं बाहेर पायरीवर येऊन बसली. पिटुकलीचे डोळे भरून आले.

“तीन आठवडे घासलं आपण!” भिंगरीने चिडून पायरीवर टाच आपटली. “सगळं पाण्यात!”

ढापण्या मात्र चष्मा पुसत होता. एकदम तो उठला. “ए, थांबा! सोमवारी लॅपटॉप चालू होता ना? हळू का होईना, पण चालत होता. सॉकेट बिघडलेलं असतं, तर जुना प्रोसेसर तरी कसा चालला असता?”

“चला आत!” भिंगरी केव्हाच दारात पोचली होती.

“काका, ते बिघडलेलं सॉकेट दाखवता?”

“पोरांनो, डोकं खाऊ नका!”

“फक्त बघतो. हात लावणार नाही!”

सुटका नाही हे ओळखून त्याने उघडलेला लॅपटॉप पुढे सरकवला. शेजारी डबीत नवा प्रोसेसर होता. त्याच्या पोटाला बारीक बारीक पिना होत्या, दाट कंगव्यासारख्या.

पिटुकलीने बोर्डाजवळ नाक नेलं. “एवढे पाय घालायला भोकं कुठायत?”

ढापण्याने टेबलावरचं भिंग डोळ्यांसमोर धरलं. “भोकं नाहीतच! जुना प्रोसेसर बोर्डालाच डाख देऊन चिकटवलाय. काका, सॉकेट बिघडलं नाही. इथे सॉकेटच नाही!”

“काहीतरीच! याच मॉडेलमध्ये मी स्वतः…”

“कुठल्या मॉडेलमध्ये?” भिंगरीने लॅपटॉपच्या तळाचं झाकण उलटं करून त्यावरची चिठ्ठी वाचली. मग तिने दुरुस्तीवाल्याच्या वहीतला नंबर पाहिला. आकडे तेच होते, पण चिठ्ठीवर शेवटी एक जादा अक्षर होतं. “तुम्ही हे अक्षर लिहिलंच नाहीत! हे नंतरचं मॉडेल आहे!”

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला. भिंगातून त्याने दोनदा पाहिलं. “खरंय,” तो पुटपुटला. “अर्धाच नंबर वाचला मी. हा प्रोसेसर बदलताच येणार नाही.”

“म्हणजे आपण हरलोच!” भिंगरी हताश झाली.

“आणि ही रिकामी खाच कसली?” ढापण्याने विचारलं.

“मेमरीची. अरे… मेमरी वाढवली तर निदान बंद तरी पडणार नाही!” दुरुस्तीवाला खणाकडे धावला.

“आधी नंबर वाचा!” तिघं एका सुरात ओरडली.

त्याने तो वाचला. तोही मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत!

लॅपटॉप काही हरीण झाला नाही. अख्खा शुक्रवार तो कण्हत राहिला आणि भिंगरी त्याच्यावर डाफरत राहिली. पण बंद मात्र एकदाही पडला नाही.

शनिवारी वॉर्डात मुलं इतकी खदखदून हसली, की आत्याला धावत जाऊन एकाचं प्लॅस्टर सावरावं लागलं. मागे भिंतीपाशी तिघांनी बोलावलेला दुरुस्तीवाला उभा होता.

“वीस वर्षं हेच काम करतोय,” तो आत्याला म्हणाला. “पण चूक माझी, आणि दोष मी बोर्डाला दिला. तुमच्या पोरांनी ऐकून घेतलं नाही, हे फार बरं झालं!”

“ती माझंही ऐकत नाहीत,” आत्या म्हणाली आणि तिने तिघांना एकदमच मिठीत ओढलं.