पवित्र योद्ध्याची कबुली

पाटोद्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पंचशीलाच्या हाती चुकून दुसऱ्याचेच कागद पडले, आणि ते परत देण्याऐवजी ती उभ्या उभ्या वाचू लागली, तेव्हा जीवनला प्रथम राग आला. मग तिने मान वर केली… आणि तो राग कुठे गेला, हे त्याला सांगता आले नसते.

“हा पवित्र योद्धा तुमचा का? एकटाच लढतो, जखमा भरतो, वर शापबी उतरवतो. मंग बाकीच्यांनी काय शेंगा सोलायच्या?”

जीवन भूमितीचा शिक्षक. आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून त्याला चैन पडत नसे. ते कागद म्हणजे त्याने रचलेल्या खेळाचे नियम होते. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, फासे टाकायचे आणि जीवन सांगेल त्या कथेतून वाट काढायची. वाद अर्धा तास रंगला. जनावरांच्या दवाखान्यातली ही डॉक्टर पुढच्या रविवारी वाचनालयात चोराचे पात्र घेऊन हजर झाली!

पाच रविवार सुखाचे गेले. सहाव्या रविवारी प्रवीणबरोबर खेळणारे दोघे, अंजू आणि सुग्रीव, उठून उभे राहिले.

“सगळं प्रवीणचा योद्धाच करतो, सर,” अंजू म्हणाली. “आमी नुसतं बघायला कशाला यावं? पुढच्या टायमाला हेच असंल तर आमी न्हाई.”

ते दोघे गेले तर खेळ मोडणार होता. आणि खेळ मोडला तर पंचशीलाने दर आठवड्याला तिथे यावे, असे दुसरे कोणतेही कारण उरणार नव्हते. जीवनला खरी धास्ती होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

शनिवारी दुपारी त्याने तिला नियम तपासायला बोलावले. योद्ध्याची तलवार बोथट केली, चिलखत उतरवले. तरी तो जिंकतच राहिला.

“तलवारीचा दोष न्हाई हो,” ती हसली. “तुमीच लिहिलंय, विसावा घेतला की त्याची शक्ती परत येते. आन् आपण दर अर्ध्या तासाला चहाला उठतो. प्रवीण म्हणतो, योद्ध्यानंबी विसावा घेतला. तुमी मान डोलावता.”

तीन पानांचे तक्ते आखणाऱ्या माणसाच्या नजरेतून कपभर चहा निसटला होता.

“मग शक्ती कशाने परत यावी?”

“त्याचं व्रत सत्याचं हाय ना? मंग बोलायची भीती वाटते असं एखादं खरं त्यानं बोलावं. ते अवघड होतं का, हे समोरच्यानं ठरवावं.”

चाचणी लगेच सुरू झाली; योद्धा जीवन झाला. समोर राक्षस, चोर जखमी, योद्धा निःशक्त.

“बोला, योद्धेबुवा.”

“मला… घाटात बस वळली की डोळे मिटून घ्यावे लागतात.”

“हे अंजूलाबी ठाऊक हाय. पुढं.”

“तुमच्या चोराला मी मुद्दाम सोपी कुलुपे देतो.”

“ते मला कवाच कळलंय. लई भाबडे तुमी!”

जीवनने फासा उचलला, पुन्हा खाली ठेवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

“खेळ मोडला तर मला वाईट वाटेल,” तो हळूच म्हणाला. “पण तुम्ही यायच्या थांबलात तर… त्यानंतर काय करायचे, याचा नियम मला लिहिता यायचा नाही.”

पंचशीलाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“हे अवघड होतं?”

“फार.”

“मंग शक्ती परत आली.” तिने फासा त्याच्याकडे सरकवला, पण बोट त्यावरून काढले नाही. “आता चोराची कबुली ऐका.”

“चोराला व्रत नसते.”

“म्हणून तर नियमाबाहेरचं सांगते. उद्या ते दोघं येवोत न येवोत, मी येणार हाय. सोमवारीबी.”

“सोमवारी खेळ नसतो—”

“ठाऊक हाय मला.”

रविवारी अंजू आणि सुग्रीव दोघेही आले. राक्षसाला लोळवले ते अंजूच्या बाणाने; प्रवीण संध्याकाळपर्यंत कुरकुरत होता.

सोमवारी वाचनालयातल्या त्या टेबलावर फासे नव्हते, तक्ते नव्हते. पंचशीला मात्र ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी आली.