सात नंबरचं बोअर

या, पुढे सरकून बसा. खांबाआडच्या मावशी, तुम्हीही या. इथे माईक नाही आणि माझा आवाज बुवांसारखा घुमत नाही. पूर्वरंग लांबवत नाही, थेट आख्यानाला हात घालते. जे सांगणार आहे ते लालबागमध्ये, भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ऐकताना तुम्हाला भीती वाटेल. मला सांगताना आधी संताप येतो.

मी सुमती. गिरगावात, खोताच्या वाडीच्या अलीकडच्या गल्लीत राहते. बँकेतून मुदतीआधी निवृत्त झाले आणि एक्कावन्नाव्या वर्षी एम.एस्सी.ला नाव घातलं, भूविज्ञानाला. बी.एस्सी. तरुणपणीच झाले होते, पुढचं संसारात राहून गेलं. वर्गातली पोरं काकू म्हणायची. मी हातोडी उचलली की एकजण हमखास विचारायचा, "काकू, खडक फोडताय की नारळ?" सकाळी खडक, संध्याकाळी कीर्तन, असा दिवस जायचा. कपाळाला बुक्का लावून मी सूक्ष्मदर्शकात डोकावत असे, आणि त्यात मला कधी काही विसंगत वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मला आणि संघमित्राला लालबाग-परळच्या जमिनीखालचे थर मिळाले. संघमित्रा परळची, माझ्या निम्म्या वयाची आणि दुप्पट हुशार. आमचे मार्गदर्शक विभागप्रमुख विजयकर सर. एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर उठणार होता, त्याचे सल्लागारही सरच. म्हणून तिथली बोअरं आम्हाला पाहायला मिळाली.

बोअर म्हणजे काय, तेवढं सांगते. यंत्र एक पोकळ नळी फिरवत जमिनीत नेतं. दर दीड मीटरला नळी वर काढायची, लाकडी हातोडीने ठोकायची, की आतून खडकाची गोल कांडी घसरत बाहेर येते. ही झाली एक फेरी. तिची कांडी लाकडी पेटीत एका ओळीत मांडायची आणि ओळीच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा ठेवायचा. कांडी चोपन्न मिलिमीटर जाड, मागे राहिलेलं भोक शहात्तर. हे माप बदलत नाही.

सात नंबरच्या बोअरवर दगडू घाडी होते. बासष्ट वर्षांचे. विशीत त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, संपानंतर मिळेल ते केलं आणि शेवटी या यंत्रावर आले. आम्हाला बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, "दगडांचा शिकाक कालेजात जावचा लागता? माका इचारा! आईबापसान नावच दगडू ठेवल्यान."

"काका, फी किती घेणार?" संघमित्राने विचारलं.

"चाय पाज गो बाय. अर्धी. रखमा म्हणता साकर वाडली हा."

बाकीचे ड्रिलर ठोकळ्यावर नुसता आकडा लिहीत. दगडूकाका निळ्या रंगाने आकडा लिहून खाली 'द.घा.' घालत, आणि कांडीच्या प्रत्येक तुकड्यावर एक बाण काढत, वरची बाजू दाखवणारा. "नायतर जमनीच्या पोटात शिरलेलो माणूस येतलो खंयसून, जातलो खंय, कळतला कसा?" असं म्हणत. साइटवर भरायच्या तक्त्याला आम्ही लॉग म्हणतो. त्यात प्रत्येक फेरीची तारीख आणि वेळ असते, शेजारी ड्रिलरची सही. ते दर वेळी हात विजारीला पुसून सही करत, तरी कागदावर चिखलाचा अंगठा उमटायचाच.

मंगळवारी अठरा मीटर झाले आणि पाणी परत येईना. बोअर करताना नळीतून पाणी सोडतात, ते गढूळ होऊन तोंडाशी वर येतं. इथे आत जात होतं आणि नाहीसं होत होतं.

दगडूकाकांनी यंत्र थांबवलं. "वैनी, खाली पोकळ आसा. हय मशीन ठेवूचा नाय."

साइटवरचा इंजिनियर मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, "काका, दोन फेऱ्या मारा आणि मग जेवा. विषय संपला."

तोवरच्या लॉगवर काकांनी सही केली. बारा ओळी झाल्या होत्या. पाच ओळींच्या दोन पेट्या भरलेल्या, तिसरीत दोन ओळी भरलेल्या आणि तीन रिकाम्या. पेट्या टेम्पोत घालून आम्ही पावणेदोनला निघालो. मी वळून पाहिलं तेव्हा ते नळीला कपाळ टेकवत होते. प्रत्येक फेरीआधी टेकवत.

आता माझं पाप सांगते. विजयकर सर मळक्या लॉगचे पाच गुण कापत. म्हणून आम्ही सगळेच घरी किंवा प्रयोगशाळेत लॉग सुवाच्य उतरवून काढत असू. त्या संध्याकाळी मला साडेसहाचं कीर्तन गाठायचं होतं. घाईघाईत मी पक्की प्रत केली, सहीचा रकाना नंतर भरू म्हणून कोरा ठेवला, आणि चिखलाने चिकट झालेला मूळ कागद चुरगळून टोपलीत टाकला. कीर्तनात सत्यवचनी राजाचं आख्यान होतं. मी पदराने डोळे पुसत ऐकलं. लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही निघाल्यावर तासाभराने सात नंबरपाशी जमीन खचली होती. यंत्र आत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत कंपनीवाले त्या खड्ड्यात काँक्रीट ओतून मोकळे झाले होते. कंपनी म्हणाली, यंत्रावर कोणी नव्हतं. दगडू घाडी? तो तर सोमवारीच काम सोडून गेला.

शुक्रवारी काकांची बायको, रखमाबाई, कॉलेजात आल्या. दारातच चपला काढून उभ्या राहिल्या.

"दगड शिकणारी वैनी तुमीच ना? तुमचो कागद आसा ना वैनी? मंगळवारची तेची सही आसा तेच्यावर. माका दुसरा काय नको. खड्डो उघडून बघूक व्हयो."

टोपली बुधवारीच रिकामी झाली होती. मी सरांकडे धावले. त्यांनी माझी पक्की प्रत हातात घेतली, कोऱ्या रकान्यात पेनाने 'गणपत' लिहिलं आणि कागद फाइलला लावला.

"सर, कोण गणपत?"

"असेल कोणीतरी. सुमतीबाई, पदवी घ्यायला आलात ना? मग खडकापुरतं बोला."

"दगडूकाका होते तिथे. आम्ही पाहिलंय," संघमित्रा म्हणाली.

"तुझी पीएच.डी.ची शिफारस मी द्यायची आहे ना गं? आणि तुमच्याच हातचा कागद काय सांगतो? गणपत."

आणि आम्ही गप्प बसलो! मुलीचं आयुष्य आहे, परीक्षा होऊ दे, मग बोलू, असं मी स्वतःला समजावलं. सरांचा राग येतो तसा त्या समजावणाऱ्या सुमतीचाही येतो.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराला मी प्रयोगशाळा उघडली. तिसऱ्या पेटीत तिसरी ओळ भरलेली होती.

लालसर, राखेपासून झालेला खडक. दीड मीटर, एकही तुकडा गहाळ नाही. ओला. शेवटी ठोकळा, निळ्या रंगात: १९.५०, द.घा.

"काकू, ही मस्करी असेल तर घाण आहे," संघमित्रा म्हणाली.

"मी तुला हेच विचारणार होते."

किल्ल्या दोनच होत्या, एक माझ्याकडे आणि एक सरांकडे. पेटीतल्या माझ्या जुन्या चिठ्ठ्या जागच्या हलल्या नव्हत्या. आम्ही शिकलो होतो तेच केलं. एक तुकडा तोलला, चार दिवस पंख्याखाली ठेवला आणि परत तोलला. वजन ग्रॅमभरही उतरलं नाही. पुसला की कोरडा व्हायचा, पाठ वळवली की ओला. चव घेतली. खारट होती.

सरांना दाखवलं. त्यांनी पेटीत वाकूनही पाहिलं नाही. "बोअर अठरालाच थांबलंय. जास्तीचं काय असेल ते फेकून द्या."

आम्ही फेकलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी चौथी ओळ भरली. काळा, पापुद्र्यांचा खडक, ठोकळ्यावर २१.००. वास मात्र खडकाचा नव्हता. ओल्या सुती कपड्याचा होता.

संघमित्रा बराच वेळ ओळीवर वाकून होती.

"बाण बघा."

त्या ओळीतले सगळे बाण उलटे होते. पेटीच्या सुरुवातीकडे असायचे ते शेवटाकडे वळले होते.

"चुकले असतील," मी म्हटलं. कोण चुकलं असेल, हे माझ्या तोंडून निघेना.

"काका बाण चुकायचे नाहीत." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "काकू, इथून पुढे ते खालून वर येतायत."

तिसरा सोमवार उजाडला. आम्ही दोघी दाराबाहेर एकमेकींचा हात धरून उभ्या होतो, लहान मुलींसारख्या.

पाचवी ओळ भरली होती. काळा खडक, मग मुरूम, भरावाची माती, विटांचा चुरा. शेवटी जुन्या फरशीची एक गोल चकती, पिवळ्यावर हिरवं पान छापलेली.

ठोकळ्यावर बावीस पूर्णांक पाच असायला हवं होतं.

होतं ०.००.

मी चकती रुमालात बांधली. कुठे जायचं ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही. रखमाबाईंची चाळ साइटपासून पाऊण किलोमीटरवर, खोली तळमजल्यावर. गल्लीत मसाला कांडणाऱ्या डंक्यांचा ठसका होता, शिंकत शिंकतच दारात पोचलो. आत फरशी पिवळी होती, हिरव्या पानांची.

"येवा," रखमाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मोरीजवळचा पाट त्यांनी उचलला.

पाटाखाली भोक होतं. कडा घासून गुळगुळीत, आणि काठोकाठ पाणी. मी टेप काढली. हाताला सवय होती म्हणून काढली. शहात्तर मिलिमीटर.

"काल दुपारपासून आसा," त्या म्हणाल्या. "आधी आवाज इलो. साचो चालता तसो."

"भीती नाही वाटली?"

"भिवाक कित्याक? माझो घोव तो."

त्याच दुपारी मी पोलीस ठाण्यात जबाब दिला. मूळ लॉग मी टाकला. मंगळवारी पावणेदोनला दगडू घाडी यंत्रावर होते. 'गणपत' हे नाव माझ्यासमोर लिहिलं गेलं. संघमित्रानेही सही केली. मी तिला अडवलं, तर म्हणाली, "काकू, आता गप्प बसा हं!" प्रकल्प नापास झाला दोघींचा. सर म्हणाले, वयस्कर बाईने एका हुशार मुलीचं नुकसान केलं. यावर मी काय बोलले ते या देवळात सांगण्यासारखं नाही.

आठ महिने अर्ज केले. खेटे घातले, दालनांबाहेर बसलो, आज साहेब नाहीत, उद्या या, ऐकून घेतलं. अखेर हुकूम निघाला आणि सात नंबरचं काँक्रीट फोडलं. रखमाबाई काठावर उभ्या होत्या, मी त्यांचा दंड धरला होता.

यंत्र सापडलं. चपला सापडल्या. जेवणाचा डबा सापडला, न उघडलेला. म्हणजे ते तिथे होते, हे सिद्ध झालं.

माणूस नव्हता.

काँक्रीटचा अखंड गोळा, आत फट नाही, पोकळी नाही. तळाशी फक्त बोअरचं भोक, शहात्तर मिलिमीटरचं, आणि त्या भोकात ओढला गेलेला सदऱ्याचा एक हात. रिकामा.

"बघा, कोणी गेलंच नव्हतं," कंपनीचा माणूस हसत म्हणाला. हसत! रखमाबाईंच्या तोंडावर! आज त्या टॉवरच्या जाहिरातीत जमिनीच्या भक्कमपणाबद्दल दोन ओळी आहेत, खाली सरांचं नाव. लॉगमध्ये अजून गणपतच आहे.

मी दर सोमवारी लालबागला जाते. रखमाबाई अर्धा चहा करतात, बिनसाखरेचा, आणि आमच्या कपांशेजारी ठेवतात. मी मोरीजवळच्या भोकाला टेप लावते आणि वहीत लिहिते. आधी शहात्तर मिलिमीटर. दिवाळीला एकशे चाळीस. मागच्या महिन्यात तीनशे दहा. काल चारशे पंचवीस भरलं. घरी येऊन मी मुलाच्या सदऱ्यावर टेप धरली, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत. अजून दोन-तीन सेंटीमीटर कमी आहेत.

पाट आता तिथे नसतो. कुठे गेला म्हणून विचारलं, तर रखमाबाई म्हणाल्या, "काडून ठेवलंय. वाटेत कित्याक?"

झालं, आख्यान संपलं. आरतीला उभे राहाल तेव्हा माझी एवढी विनवणी ऐका. कागदावर त्यांचं नाव नाही, म्हणून तुम्ही ते तोंडात असू द्या. दगडू घाडी. सात नंबरचं बोअर त्यांनी केलं. विसरू नका.