गणिताचे सर खाली येतात

दारावर टकटक मी केली खरी, पण ते काम माझं नव्हतंच.

काम होतं चिमणीचं. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. आवाज इतका बारीक, की वसतिगृहातल्या मुलींनी तिला चिमणीच करून टाकलेलं. गणितात नापास झाली होती, आणि ‘सरांना जाऊन भेट’ म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. मी विद्यापीठाच्या मार्गदर्शन कक्षात सल्लागार होते. ज्यांच्या घरातून आजवर कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, अशी मुलं माझ्याकडे यायची. कुठला विषय घ्यावा, कुणाला भेटावं, मुदत वाढवून कशी मागावी… घरात विचारायला कुणी नसलं की माणूस किती साध्या गोष्टींपाशी अडतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मीही त्यातलीच.

तर त्या दिवशी चिमणीचा हात धरून मी तिला वरच्या मजल्यावर नेलं. टकटक केली. आतून पावलं वाजली — आणि चिमणी भुर्रकन उडाली! दार उघडलं तेव्हा बाहेर मी एकटीच.

समोर उंच, किडकिडीत माणूस. बाहीवर खडूची पावडर, चष्मा कपाळावर.

“या ना, घाबरू नका. कुठं अडलंय?”

मी सांगायला तोंड उघडलं… आणि मिटलं. मुली कशाला घाबरून पळतात, ते बघावं तरी एकदा!

“सगळंच अडलंय,” मी म्हणाले आणि बसले. ते खोटंही नव्हतं. गणिताचं आणि माझं शाळेपासून वाकडं.

वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ कसं काढायचं, ते त्यांनी एकदा सांगितलं. मला कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. मी ढिम्म. मग त्यांनी एक कागद घेतला, त्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या आणि टेबलावर एकीशेजारी एक लावत बसले — लहान मूल खेळ मांडतं तसे. खिडकीबाहेर भुरभुर सुरू झाली होती. आवाजात कुठं वैताग नाही, की घड्याळाकडे चोरटी नजर नाही.

“आता?”

“कळलं!” मी ओरडलेच. आणि काय सांगू, खरंच कळलं होतं.

“छान. मग पुढच्या परीक्षेला—”

“परीक्षेला मी नाही बसत. मी खाली मार्गदर्शन कक्षात नोकरी करते.”

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मी नीट दिसले असेन ती तेव्हाच.

“मग… इतका वेळ?”

“माझी एक विद्यार्थिनी तुम्हाला वाघ समजते. म्हटलं, पिंजऱ्यात जाऊन यावं.”

“आणि? वाघ निघालो?”

“अजून ठरायचंय,” मी म्हणाले. जिना उतरताना उगाचच हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात.

“माझ्या भेटीची वेळ बाहेर लिहिलेली असते,” ते म्हणाले. “कुणी फिरकत नाही. मी इतके दिवस समजत होतो, सगळ्यांना सगळं समजतंय.”

“तुमच्या घरी शिकवणारे कोण कोण?”

“आजोबा, आई, बाबा, काका, आत्या…”

“कुत्रं आहे का?”

“आहे. तेवढं सोडून सगळे.”

मला हसू आवरेना. “अहो, म्हणूनच! आमच्या मुलांना वाटतं, सरांच्या खोलीत फक्त बोलणी खायला जायचं असतं.”

ते विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “मी… खाली आलो तर चालेल?”

दर बुधवारी दुपारी ते आमच्या कक्षातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसू लागले. पहिल्या बुधवारी कुणीही आलं नाही. बिचारे ताठ बसून होते, मुलीकडचे बघायला येणार असल्यासारखे. मीच दया येऊन चहा नेऊन दिला. हळूहळू एक आला, दोघी आल्या, मग खुर्च्या कमी पडायला लागल्या. चिमणी आधी दाराजवळ बसायची. मग एकेक खुर्ची पुढं सरकत गेली.

“एक विचारू?” ते एकदा म्हणाले. “मुलांशी बोलताना तुमचा आवाज किती मऊ असतो. माझ्याशीच का असा चढा?”

“मुलं ऐकतात.”

“मीही ऐकतो की. जरा जास्तच ऐकतो…”

मी फायलींत तोंड खुपसलं. कान मात्र तापले होते.

परीक्षा तोंडावर आली, आणि एका बुधवारी चिमणीचे वडील आले. ट्रकचालक. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले.

“ताई, पोरीला घरी घेऊन जातो. फोनवर नुसती रडते. आमच्यात कुणी एवढं शिकलेलं नाही, तिला काय सांगावं तेच सुचत नाही मला. लेकरू झुरतंय, बघवत नाही हो.”

मी काही बोलणार, तोच कोपऱ्यातून सर उठून आले.

“असं कसं? हुशार मुलगी आहे ती. तुम्ही तिचं नुकसान करताय!”

त्या माणसाचा चेहरा एकदम मिटला. “तुम्ही मोठी माणसं, साहेब,” ते खाली बघत म्हणाले. “तुमचं बरोबरच असणार.” आणि लेकीची पिशवी उचलायला वाकले.

मी सरांना बाहेर बोलावलं.

“नुकसान? काळजीनं कुठून कुठून गाडी हाकत आलाय तो माणूस!”

“मी तिच्या चांगल्यासाठीच—”

“मलाही न्यायला आले होते माझे बाबा. त्यांना तेव्हा कुणी असं तोडून बोललं असतं ना, तर मी आज इथं नसते. तुला नाही कळायचं ते!”

तुला. शब्द निघून गेला होता. दोघांनीही तो ऐकला. ते वळले आणि जिना चढून गेले.

मी आत आले. कोपऱ्यात मुलं ताटकळत होती. “सर गेले?” एक मुलगा रडवेला झाला. “मग हे कोण सांगणार?”

आणि मग बारीक आवाज आला, “मला… येतं ते.”

चिमणी फळ्याशी गेली. सुरुवातीला पुटपुटत होती. मागचा मुलगा म्हणाला, “ऐकू येत नाही!” तशी तिनं आवाज चढवला. कुणीतरी शंका काढली, तिनं ती खोडून काढली, पुसलं, पुन्हा लिहिलं. वडील पिशवी हातात धरून बघत राहिले.

“एवढ्या मोठ्यानं बोलते ही?” त्यांनी मला विचारलं.

“घरी नाही बोलत?”

“घरी ऐकायला मी असतोच कुठं, ताई…”

ते पुढं झाले. “तुला राहायचंय का गं इथं?”

हा साधा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. चिमणीनं खडू खाली ठेवला.

“बाबा, रडू येतं मला. पण राहायचंय.”

“मग रडू आलं की फोन कर. गाडी बाजूला घेईन आणि ऐकेन.”

पिशवी तिथंच ठेवून ते एकटेच परत गेले.

पुढच्या बुधवारी कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. “ताई, सर का नाही आले?” ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. “मला काय माहीत!” मी खेकसत होते. खरंतर दार वाजलं की सगळ्यात आधी मान माझीच वळायची.

संध्याकाळी बाहेर पडले, तर बसथांब्याच्या बाकावर ते. मी दुसऱ्या टोकाला बसले.

“त्या दिवशी मी गाडीतळावर गेलो होतो,” ते म्हणाले. “चिमणीच्या वडलांची माफी मागितली. जास्त काही बोलले नाहीत. पण चहा पाजला.”

“आणि आज? मुलं वाट बघत होती.”

“तू रागावलेली असशील, आणि त्याचं मला वाईट वाटलेलं मुलांसमोर माझ्या तोंडावर दिसेल… म्हणून धीर झाला नाही.”

“तू?” मी भुवया उंचावल्या.

“सुरुवात कुणी केली?”

मी ओठ दाबून हसू अडवलं. ते जवळ सरकले नाहीत, पण आवाज खाली आला.

“बुधवारी मी मुलांसाठी येतो, हे अर्धंच खरं आहे.”

“आणि उरलेलं अर्धं?”

“बाकाच्या त्या टोकाला बसलंय. अजून फुगलेलं आहे.”

रोज इतक्या मुलांना वाट दाखवणारी मी, आणि मला साधं ‘हो’ म्हणता येईना!

“आमच्या घरात असलं काही करणारी मी पहिलीच,” मी कशीबशी म्हणाले. “कसं करतात, विचारायला कुणी नाही…”

“आमच्याकडेही नाही. एकूणएक लग्नं मोठ्यांनी ठरवलेली.”

“एवढे सगळे प्राध्यापक, आणि हे एकालाही येत नाही?”

“एकालाही नाही,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही खळखळून हसलो.

“चुकलं तर?”

“तर भांडू. मग पुन्हा नीट करू.”

त्यानं बाकावर हात ठेवला, तळवा वर करून. मी बाकाचं टोक सोडलं.

बस आली. चालकानं दार उघडून आमच्याकडे पाहिलं, क्षणभर वाट बघितली आणि दार लावून घेतलं. तीच माझी शेवटची बस होती… मी तिला खुशाल जाऊ दिलं.